कॅमच्या एका कॅपसाठी कोल्हापूर गाठलं त्याची गोष्ट

छोट्या हत्तीचं, म्हणजे टाटा एसचं, जुनं दोन सिलिंडरवालं इंजिन ज्यांनी वरून उघडलंय त्यांना ठाऊक असेल, टॅपेट कव्हर काढलं की कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आडवा दिसतो आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या कमानदार कॅपा बोल्टांनी आवळलेल्या असतात. मुठीत मावणारी वस्तू. त्यातली एक, पुढची, बेल्टच्या बाजूची, खराब झाली म्हणून आमची गाडी आंब्याच्या शेवटच्या टप्प्यात अंगणात उभी राहिली, आणि देवगडपासून कणकवलीपर्यंत ज्याला विचारावं तो एकच सांगे, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा अख्खा भाग, बदल. बरं कॅप तेवढी द्या म्हटलं तर दुकानदार असा बघतो जसं काय आपण चावी हरवली म्हणून गाडी मागतोय. कॅप सुटी मिळत नाही, हेडबरोबरच येते. का मिळत नाही ते मात्र कोणी धड सांगेना, ते मला हळूहळू कळलं आणि कळल्यावर हेड न बदलता काम कसं करायचं तेही कळलं, म्हणून हे लिहितोय.

गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. टाटाने २००५ ला ही गाडी काढली तेव्हाचंच इंजिन, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर, म्हणजे इंडिकाच्या १४०५ सीसी डिझेलचं बरोब्बर अर्धं. आमची सेकंडहॅंड घेतलेली. कंपनी पाऊण टन भरा म्हणते, आपण किती भरतो ते जाऊदे. मार्च ते मे आंब्याच्या पेट्या, बाकी दिवस बंदरावरून मासळी आणि बर्फ. बर्फाचं खारं पाणी गळून गळून मागची चेसिस कुजत आली होती पण इंजिन मात्र कधी दगा देत नव्हतं, सकाळी अर्ध्या सेल्फला चालू.

आवाज सुरू झाला तो एप्रिलात. थंड असताना नाही, गरम झाल्यावर, आणि तो पण आयडलला. टक टक टक. सगळे म्हणाले टॅपेट. आता ह्या इंजिनात टॅपेटला स्क्रू नसतो, व्हॉल्व्हवरच्या वाटीवर, म्हणजे बकेटवर, शिम नावाची चकती असते, तिची जाडी बदलून कॅमपासूनचा गॅप सेट करायचा, म्हणून कोणाला हात घालायचा कंटाळा, चालूदे चालूदे करत सीझन काढायचा. मी पण आधी तेच धरून चाललो होतो पण आमच्या गावचे मेस्त्री आहेत, त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि एकेका जागी सरकवत गेले. मागे काही नाही. मधे थोडं. पुढे बेल्टच्या बाजूला आले आणि थांबले. म्हणाले, "टॅपेट न्हय हां ह्या. टॅपेट कसो टिकटिकता, ह्यो बद्द आवाज आसा. कॅम उडता थय."

कॅम उडतो म्हणजे काय ते आधी समजून घ्या नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला सतत वर ढकलतात. खालून हेडमधली अर्धी खोबण आणि वरून कॅप, असा मिळून पूर्ण गोल होतो आणि त्यात कॅमचं जर्नल, म्हणजे त्याचा गुळगुळीत गोल भाग, फिरतं. ह्यात वेगळं बेअरिंग, बुश, शेल असलं काही नाही, नुसतं ॲल्युमिनियम आणि मधे ऑइलचा पापुद्रा. म्हणजे स्प्रिंगांचा सगळा मार त्या वरच्या कॅपवर. ऑइल आहे तोवर दोन लाख किलोमीटर काही होत नाही. ऑइल कमी पडलं की ॲल्युमिनियम जर्नलला चिकटायला लागतं, खरवडतं, जागा वाढते आणि मग कॅम वर खाली आपटतो. थंड ऑइल जाड असतं म्हणून आवाज दाबला जातो, गरम झालं की पातळ होतं आणि टकटक ऐकू येते.

मी म्हटलं पण ऑइलची लाइट कधीच लागली नाही. तर मेस्त्री म्हणाले लाइटचा स्विच खाली मेन लाइनवर, तिथे प्रेशर असेल तर लाइट कशाला लागेल. वर हेडच्या टोकाला ऑइल पोचतंय की नाही हे त्या लाइटला काय माहीत. घरात टाकीच्या नळाला पाणी जोरात असतं आणि गच्चीवर थेंब नसतो, तसलाच प्रकार. लाइट लागत नाही म्हणजे वर सगळं बरं आहे, हे गणित डोक्यातून काढून टाकलं तेव्हापासून.

शेवटचा मोठा आंबा गेला आणि आम्ही सीट उचलून कामाला लागलो. कव्हर काढलं तर पहिलं काय दिसलं तर ऑइलमधे चमकी. बोट बुडवून उन्हात धरलं की चंदेरी कण. मागच्या कॅपा स्वच्छ, तपकिरी रंगाच्या, आणि पुढची कॅप आणि तिच्याभोवती निळं निळं सिलिकॉन, कडेकडेने बाहेर आलेलं, कॅपच्या सांध्यात, सीलच्या भोवती, अगदी बोल्टच्या डोक्यावर सुद्धा. मेस्त्री बघतच राहिले. "ह्या कोणी थापल्यान?"

थापलं कोणी ते मला माहीत होतं. वर्षभरापूर्वी टायमिंग बेल्ट आणि पुढचं कॅमसील हायवेवरच्या एका गॅरेजमधे बदलून घेतलं होतं. पुढच्या कॅपखालीच सील बसतं त्यामुळे तिथे सांध्याला सिलंट लावावं लागतं हे खरं आहे, नाहीतर ऑइल गळून बेल्टवर जातं. पण लावायचं म्हणजे बोटाने पुसल्यासारखी पातळ रेघ, तीसुद्धा बाहेरच्या कडेला. आवळल्यावर जास्तीचं जातं कुठे? अर्धं बाहेर दिसतं, अर्धं आत जातं जे दिसत नाही.

बोल्ट सोडताना मेस्त्रींची पद्धत बघण्यासारखी होती. आधी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वर, आणून पुलीवर आणि बेल्टवर रंगाने खुणा, मग बेल्ट उतरवला, आणि मला दम दिला की आता क्रॅंकला हात लावायचा नाही, कारण बेल्ट नसताना क्रॅंक फिरला तर पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन आपटतो. मग सगळ्या कॅपांचे बोल्ट आळीपाळीने, एकेक पाव फेरा. एक कॅप पूर्ण सोडून दुसरीकडे जायचं नाही. खाली स्प्रिंगा दाबलेल्या असतात, कॅम एका बाजूने उचलला गेला की दुसऱ्या बाजूची कॅप तोडतो नाहीतर स्वतः मोडतो. कॅम सावकाश वर आला, सरळच्या सरळ. बकेटा आणि शिमा आंब्याच्या रिकाम्या पेटीच्या पुठ्ठ्यावर नंबर लिहून जागच्या जागी ठेवल्या.

मग पुढची कॅप उलटी करून हातात घेतली. आतला गोल आरशासारखा असायला हवा, तिथे नखाला लागतील असे ओरखडे, मधोमध एक चट्टा जिथलं ॲल्युमिनियम उचललं जाऊन कॅमला चिकटलेलं. कॅमच्या जर्नलवर ते पांढुरकं लिंपण स्पष्ट दिसत होतं. हेडमधल्या खालच्या खोबणीला मात्र नुसत्या बारीक रेघा, कारण मार वरती. आणि ऑइल ज्या भोकातून येतं त्याच्या तोंडात बारीक तार घातली तर निळा दोरा बाहेर आला. रबरासारखा. भोक पूर्ण बंद नव्हतं म्हणून एवढे महिने गाडी चालली, पूर्ण बंद असतं तर कोकणातून पहिला घाट चढेपर्यंतच कॅम जाम झाला असता आणि बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले असते.

एवढ्यावर भागलं नाही. मेस्त्रींना कॅपच्या एका कानाजवळ, म्हणजे बोल्ट बसतो तिथे, केसाएवढी रेघ दिसल्यासारखी वाटली. मला तर काहीच दिसत नव्हतं. त्यांनी कॅप रॉकेलमधे बुडवून ठेवली, बाहेर काढून कोरडी पुसली आणि वर खडू घासून पांढरी केली. आम्ही चहा घेतला. परत येऊन बघतो तर पांढऱ्या खडूवर काळसर ओली रेघ उमटलेली, बोल्टच्या भोकापासून खाली सांध्यापर्यंत. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर आलेलं. म्हणजे गळती बंद व्हावी म्हणून कोणीतरी बोल्ट ताकदीने आवळला होता. त्याच बाजूचे हेडमधले आटे पण अर्धे उठलेले निघाले.

आता इथून खरा घोळ सुरू. प्रत्येकाकडे उपाय. एकाने सांगितलं, कॅपचा सांधा फायलीने थोडा घास म्हणजे कॅप खाली बसेल आणि ढिलाई जाईल. ऐकायला बरं वाटतं. पण गोल वरून दाबला तर वर खाली घट्ट होतो आणि आडवा ढिलाच राहतो, लांबट होतो. मेस्त्रींनी कबूल केलं की असं घासून त्यांनी पूर्वी काही गाड्या काढून दिल्यात. "घासून दितंय तुका, पण सीझन काढतली, मगे परत येतलंस." दुसऱ्याने आर्गॉन वेल्डिंग सुचवलं. तिसऱ्याने, आणि हा सगळ्यात लोकप्रिय उपाय, भंगारातल्या हेडची कॅप आणून लाव, सेम टू सेम तर असते.

ते करून बघितलं कारण त्यात पैसे जात नव्हते. कणकवलीत भंगारात ह्याच मॉडेलचं हेड मिळालं, फुटलेलं, पण कॅपा चांगल्या. त्याची पुढची कॅप काढून आमच्या हेडवर कॅमसकट बसवली, बोल्ट हलके आवळले. हाताने कॅम फिरवला, फिरला. थोडं अजून आवळलं आणि कॅम जाम. हलेना. सोडलं की फिरतो, आवळलं की अडकतो. डोळ्याला एकसारख्या दिसणाऱ्या कॅपेत फरक किती असेल, दोन चार शतांश मिलिमीटर, पण ऑइलचा पापुद्रा बसायला जागाच तेवढी असते.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की सुटी कॅप का विकत नाहीत. कंपनीत हेडवर कॅपा आवळून मगच सगळ्यांना एका रांगेत एकदम बोर मारतात, म्हणजे आतला गोल कापतात. म्हणजे कॅप हा वेगळा पार्ट नाहीच, हेडचाच कापून वेगळा केलेला तुकडा आहे तो. म्हणून कॅपांवर नंबर असतात, म्हणून दिशेची खूण असते, म्हणून एकीची जागा दुसरीला चालत नाही. आणि म्हणूनच दुसऱ्या हेडची कॅप लावायची असेल तर परत बोर मारल्याशिवाय पर्याय नाही. मेस्त्री म्हणाले, "ह्याका कोल्हापूर दाखवचा लागतला."

नवीन हेडचा आकडा विचारून ठेवला होता. जुन्या गाडीत तेवढे पैसे घालायचे म्हणजे गाडीच विकलेली बरी अशी ती रक्कम. पण माझा हेडला विरोध नुसत्या पैशाचा नव्हता. नवीन हेड लावून ऑइलची लाइन तशीच कचऱ्याची ठेवली असती तर नवीन हेडने पण तेच केलं असतं. आधी कशामुळे झालं ते बघावं ना, लोक डायरेक्ट पार्टवर येतात.

हेड उतरवलं. बोल्ट पुन्हा तसेच आळीपाळीने, इंजिन पूर्ण थंड असताना, कारण ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना सोडलं की वाकतं. स्टीलची पट्टी उभी आडवी तिरकी लावून फिलर गेज घालून बघितलं, हेड सरळ होतं, त्यामुळे प्लेन करायचा प्रश्न मिटला. काही लोक हेड निघालं की डोळे झाकून प्लेन करून आणतात, गरज नसताना मटेरियल कशाला काढायचं कळत नाही, डिझेलमधे व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधे जागा मुळातच कमी. ऑइलच्या सगळ्या वाटांमधे डिझेल मारून, तार फिरवून, कॉम्प्रेसरची हवा मारली. आणखी निळे तुकडे निघाले. खाली ऑइलचा चेंबर उतरवला तर सक्शनच्या जाळीत पण दोन तीन अडकलेले. नुसता वरचा दोरा काढून गप्प बसलो असतो तर खालचे तुकडे राहिलेच असते की जाळीत.

तोपर्यंत जून लागला होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बंदरावर बोटी ओढून वर घेतलेल्या, गाडीला तसंही काम नाही, म्हणून घाई नव्हती हे बरं झालं. हेड, सगळ्या कॅपा, भंगारातली कॅप, कॅम, बोल्ट असं सगळं पोत्यात बांधून कणकवलीहून कोल्हापूरची एसटी धरली. कंडक्टर पोतं उचलायला गेला आणि तसाच खाली ठेवून म्हणाला, "काय रे, इंजिन घेवन चल्लंस काय?" अर्धं, म्हटलं. फोंडा घाटात धुकं एवढं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून चालवत होता, दाजीपूर गेल्यावर जरा दिसायला लागलं. लगेजचं तिकीट मात्र त्याने इमानदारीत फाडलं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्याला जायचंय त्याने एक दिवस जादा धरूनच जावं, कारण लेथ, बोरिंग, फाउंड्री, ग्राइंडिंग, सगळं गल्लीगल्लीत आहे आणि आपलं काम नेमकं कोण करतो ते शोधण्यात वेळ जातो. कॅम लाइनचं बोरिंग करणारे काका मिळाले ते एका शेडमधे, पावसाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं आणि आत मशीन पुसून चकचकीत. पोतं सोडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कॅपा समद्या आणल्यासा न्हवं? लोकं नुस्ती एक कॅप घिऊन येत्यात आन हेड ऱ्हातंय घरात." मग बोल्ट मागितले. माझेच बोल्ट. कारण बोर मारताना कॅपा ज्या बोल्टांनी आणि जेवढ्या टॉर्कने आवळल्या तेवढ्याच पुढे पण आवळायच्या, कमी जास्त आवळलं की गोल बदलतो.

आर्गॉनचं विचारलं. काकांनी आमची चिरलेली कॅप हातात फिरवली आणि बाजूला ठेवली. म्हणाले ओतीव ॲल्युमिनियम, वर्षानुवर्षं ऑइल प्यालेलं, वेल्ड करताना ते ऑइल धूर होऊन बाहेर येतं आणि आत भोकं राहतात. दुसरीकडे कुठे चाललं असतं, पण बोल्टच्या बसणीपाशी, जिथे सगळा ताण येतो तिथे नको. भंगारातली कॅपच घेऊया.

मग त्यांनी जे केलं ते तसं साधं आहे पण हात पाहिजे. आधी हेडमधले उठलेले आटे मोठे करून हेलिकॉइल बसवली, म्हणजे स्टीलच्या तारेचे नवीन आटे. मग भंगारातल्या कॅपचा सांधा, म्हणजे जी बाजू हेडवर बसते ती, मिलिंगवर पाव मिलिमीटरच्या आसपास उतरवली. त्यामुळे कॅप तेवढी खाली आली आणि आतला गोल मुद्दाम लहान झाला. आता लहान झालेला गोल बोरिंग बारने परत मापाला आणायचा. फाइलने घासण्यात आणि ह्यात फरक एवढाच, आणि सगळा फरक तोच, की इथे नंतर गोल पुन्हा गोल होतो.

बार लावण्यात काकांचा जास्त वेळ गेला, कापण्यात फार कमी. मागच्या चांगल्या कॅपांच्या बोरला डायल गेज लावून बार बरोबर मधोमध आणला, गेजचा काटा फेऱ्यात जेमतेम हलेपर्यंत. सेंटर वर सरकलं तर बेल्टचा ताण बदलतो, बाजूला सरकलं तर पुढचं सील एका बाजूने खाऊन गळायला लागतं. मागच्या कॅपांना टूल लागू दिलं नाही. पुढच्या कॅपेत टूल लागलं तेव्हा पहिल्या फेरीत फक्त वरच्या मधल्या भागाला चाटून गेलं, मग थोडं थोडं करत कडेपर्यंत आलं, आणि शेवटच्या फेरीला खालच्या हेडच्या खोबणीतल्या त्या बारीक रेघा पण पुसल्यासारख्या गेल्या. ॲल्युमिनियमच्या बारीक कुरळ्या चकत्या, आणि त्याला रॉकेलचा वास. मी मोबाइल काढला शूटिंग करायला तर काका म्हणाले आधी बॅटरी धरा इकडं.

कॅमचं जर्नल त्यांनी माझ्याकडूनच साफ करून घेतलं. कॉस्टिक सोड्याचं पाणी चिंधीला लावून फक्त जर्नलवर धरायचं, ॲल्युमिनियमला तो सोडा खातो आणि लोखंडाला काही करत नाही, त्यामुळे चिकटलेलं ॲल्युमिनियम फसफसून निघून जातं आणि खालचं जर्नल जसंच्या तसं. हातमोजे घालून, चष्मा लावून, आणि आसपास विडीकाडी नको कारण निघतो तो गॅस पेट घेतो. आणि हे चुकूनही हेडजवळ करायचं नाही, हेड पण ॲल्युमिनियमच आहे, तेही खाऊन टाकील. नंतर भरपूर पाणी, लगेच ऑइल, आणि बारीक पॉलिश पेपरची पट्टी. मायक्रोमीटरने दोन दिशांनी मापलं, जर्नल गोल होतं, घासलेलं नगण्य. इथे नशीब होतं. जर्नल गेलं असतं तर कॅमच नवीन घ्यावा लागला असता.

शेवटी क्लिअरन्स आला पन्नास साठ मायक्रॉनच्या मधे. शंभराच्या वर गेलं की बाद समजतात. काकांनी जर्नलला निळा रंग पुसला, कॅम ठेवला, सगळ्या कॅपा टॉर्क रेंचने आवळल्या आणि मला म्हणाले फिरवा. एका बोटाने फिरला. उघडून बघितलं तर निळा ठसा सगळ्या कॅपांत सारखा पसरलेला. मग नवीन कॅपवर पंचने नंबर आणि दिशेची खूण मारून दिली.

परत येऊन बसवायचं काम मेस्त्रींबरोबर. व्हॉल्व्ह हाताने ग्राइंड करून घेतले होतेच. जुन्या गॅस्केटवरची जाडीची खूण बघून तसलीच नवीन आणली, पिस्टन मधोमध ठेवून हेड बसवलं, हेडचे बोल्ट टप्प्याटप्प्याने. कॅपा बसवायच्या आधी मेस्त्रींनी प्रत्येक बोल्टच्या भोकात हवा मारून आतलं ऑइल बाहेर काढलं. मला वाटलं उगाच. तर ते भोक खाली बंद असतं, त्यात ऑइल भरलेलं असलं आणि वरून बोल्ट आवळला की ऑइलला जायला जागा नाही, दाबाने हेड फुटतं नाहीतर टॉर्क रेंच खोटा आकडा दाखवतं. आमची पहिली कॅप अशीच चिरली असेल का, देव जाणे.

सिलिकॉन ह्यावेळी काडीच्या टोकाने, बाहेरच्या कडेला, एवढं पातळ की मला शंका आली गळेल म्हणून. नाही गळलं. मग शिमा. व्हॉल्व्ह ग्राइंड केले की ते वर येतात, गॅप कमी होतो, त्यामुळे जुन्या शिमा जशाच्या तशा चालत नाहीत. एक्झॉस्टचा गॅप इंटेकपेक्षा जास्त लागतो कारण तो जास्त तापून लांबतो. दोन शिमा बदलाव्या लागल्या, त्या मिळवायला मालवणपर्यंत फोन झाले.

गाडी लगेच चालू केली नाही. कॅमवर भरपूर ऑइल ओतून, टॅपेट कव्हर उघडंच ठेवून, डिझेल बंद करणाऱ्या सॉलेनॉइडची वायर काढली आणि नुसता सेल्फ मारला. थोडा मारून थांबायचं, सेल्फ थंड होऊ द्यायचा, परत. मेस्त्री टॉर्च घेऊन पुढच्या कॅपवर डोळे लावून. मागच्या कॅपांच्या कडेने ऑइल लगेच पाझरलं. पुढची कोरडी. परत सेल्फ. आणि मग कॅपच्या कडेने एक पातळ रेघ आली, फुगली आणि खाली ओघळली. "इला!" एवढंच ओरडले. मग कव्हर लावून, वायर जोडून चालू केली.

आवाज गेला. पहिलं ऑइल थोड्याच किलोमीटरला काढून टाकलं, फिल्टर कापून घडी उलगडून उन्हात बघितला, थोडी चमकी होती, जुनी असणार. दुसऱ्या वेळी काहीच नाही. ऑगस्टात बंदी उठल्यावर गाडी बंदरावर लागली आणि तेव्हापासून मासळी, बर्फ, घाट सगळं करतेय. खर्च सगळा धरून, एसटी आणि कोल्हापुरातल्या जेवणासकट, नवीन हेडच्या निम्म्याच्या आतच आला.

कोणाला असंच करायचं असेल तर हेड, त्याच्या सगळ्या कॅपा, त्यांचेच बोल्ट आणि कॅम, चारही घेऊन जा. कॅम नसेल तर बोर कशाच्या मापाला मारणार. आणि निघायच्या आधी फोन करून विचारा कॅमच्या लाइनचं बोरिंग करता का म्हणून, कारण क्रॅंकच्या लाइनचं करणारे पुष्कळ आहेत पण एवढ्या लहान बोरला लागणारा बारीक बार सगळ्यांकडे नसतो. पावसाळ्यात घाट बंद आहे की चालू ते कणकवली डेपोत आधी विचारून घ्या.